सोलापूरचा धूर आणि समुद्रातले मासे: तुमचे प्रश्न

प्रश्न (जुळे सोलापूर): सर, समुद्र कुठं, आपण कुठं! आपल्या धुरानं माशांना काय फरक पडणारे?

पडतो की ओ. भीमेतली घाण कृष्णेतनं बंगालच्या उपसागरात जाते, तिचा रस्ता तरी ठरलेलाय, पण कार्बन डायऑक्साइडला नदी लागत नाही, फताटेवाडीच्या १३२० मेगावॅटच्या कोळशाच्या प्लांटमधनं निघाला काय नि चीनमधनं निघाला काय, हवेत मिसळून सगळीकडं पसरतो आणि माणसानं सोडलेल्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो. वाढलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त पण त्यानंच घेतलीये.

प्रश्न (होटगी रोड): समुद्र ॲसिडिक होतोय म्हणतात, मग पोहताना अंग जळेल का?

छे हो. पोटात घेतलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल होतो, त्यानं समुद्राचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल का अल्कली ते सांगणारा आकडा (सातच्या खाली आम्ल, वर अल्कली), ८.२ च्या आसपास होता तो आता ८.१ झालाय, म्हणजे पाणी अजून अल्कलीच. पण ०.१ ऐकून हसू नका, पीएचची मोजपट्टीच अशी आहे की तेवढ्यात आम्लता पाव पटीहून जास्त वाढते. हाल होतात ते कालवं, तिसऱ्या, प्रवाळ यांचे, कारण शिंपल्याला लागणारं कार्बोनेटच पाण्यात कमी पडतं. कालवाचं पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिंपला बांधायला घेतं, तेव्हा माल नसला की संपलं. २००७ च्या सुमारास अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर हॅचरीतली, म्हणजे कालवांची पिल्लं वाढवायच्या केंद्रातली, पिल्लं अशीच पटापट मेली, आधी सगळे जंतूंवर संशय घेत बसले आणि शेवटी दोषी निघालं पाणीच! आता तिथं पाण्यात चक्क धुण्याचा सोडा घालून पिल्लं वाढवतात. अख्ख्या समुद्रात कोण घालणार?

प्रश्न (विजापूर रोड): सुके बोंबील एवढे महाग, हे पण क्लायमेटमुळंच का?

सगळंच त्याच्यावर ढकलायला मी तयार नाही. बारीक जाळ्यानं पिल्लांसकट समुद्र उपसणं हे जुनं दुखणं आहे. पण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, उन्हात ठेवलेल्या सोड्यातला गॅस उडतो तसंच, आणि अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत तो आधीच फार कमी. वर वादळं: २०१९ ला क्यार, २०२० ला निसर्ग, २०२१ ला तौक्ते, तेवढे दिवस बोटी बंदरातच. बोंबील बांबूच्या वलांडीवर उन्हात वाळवतात, त्यात अवकाळी पाऊस आला की माल सडलाच समजा.

प्रश्न (बार्शी): लक्षद्वीपची पांढरी पडलेली प्रवाळं परत येतात का?

येतात, पाणी वेळेत थंड झालं तर. पण मेली की प्रवाळांची वस्ती पुन्हा भरायला दहा-एक वर्षं तरी शांततेची लागतात, आणि तिथं मोठे तडाखे बसले १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ला. मधली अंतरं तुम्हीच मोजा.