फ्लिंग म्हणजे अफेअर नव्हे, शॅकवर नवीन लागलेल्यांनी वाचाच

अरे बाबा, गोव्यात हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर शॅकमध्ये, म्हणजे समुद्रकाठच्या तात्पुरत्या हॉटेलात, पहिल्यांदाच सीझन करतोयस ना, मग फ्लिंग हा शब्द रोज कानावर पडणार, पण अर्थ समजल्याशिवाय स्वतः वापरू नको. आपल्याकडची पोरं त्याला सरळ अफेअर म्हणून मोकळी होतात, ते साफ चूक आहे. अफेअर म्हटलं की बऱ्याचदा लग्न झालेलं कुणीतरी त्यात असतं, लपवाछपवी असते, फ्लिंगमध्ये तसं काही असायलाच हवं असं नाही, थोडे दिवस एकमेकांसोबत, पुढचं वचन नाही, बस.

मूळ इंग्रजी क्रियापद फ्लिंग म्हणजे जोरात फेकणं, भिरकावणं. जुन्या नॉर्स भाषेतल्या फटके मारण्याच्या शब्दाशी त्याचं नातं असावं असं जाणकार मानतात. त्यातूनच उसळणं, उधळणं हा अर्थ आला, स्कॉटलंडचा हायलँड फ्लिंग नाच बघ, एकाच जागेवर उड्या मारत नाचतात. मग काही काळ मनसोक्त मजा करून घेणं, आणि प्रेमप्रकरणाचा अर्थ तर त्याहून बराच नंतरचा.

आता महत्त्वाचं. गिऱ्हाईक स्वतःबद्दल फ्लिंग म्हणेल, म्हणू दे, पण तू टेबलावर बसलेल्या जोडप्याला तो शब्द लावू नको, त्यांचं नातं हलकं ठरवल्यासारखं होतं, माणसं दुखावतात रे. आणि तुलाच कुणी हे फक्त फ्लिंग आहे असं सांगितलं तर ते खरं धर, मे महिन्यात शॅक उतरवल्यावरही फोन येईल अशी आशा धरून बसू नको.