ट्रेलरवरच्या शिडाच्या होडीला तळाचा रंग कोणता लावावा?

रंग निवडण्याआधी तुमची होडी सलग किती दिवस पाण्यात राहते, हे पाहा. सकाळी उतरवलेली होडी संध्याकाळी किंवा फार तर दोन-चार दिवसांनी ट्रेलरवर परत येत असेल, तर अँटिफाउलिंग रंग (तळावर शेवाळ आणि जीव चिकटू न देणारा रंग) लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण शेवाळाला आणि बार्नाकलना (कवच असलेल्या, चिकटून राहणाऱ्या छोट्या समुद्री जीवांना) तळावर घट्ट बसायला पुरेसा वेळच मिळत नाही, आणि मेण लावलेला जेलकोट (फायबरग्लासच्या होडीचा गुळगुळीत बाहेरचा थर) गोड्या पाण्याने धुतला की काम भागते. एकदा चढवलेला रंग खरवडून काढणे हे मात्र कष्टाचे आणि विषारी धुळीचे काम आहे, ही गोष्ट रंग विकणारे सहसा सांगत नाहीत.

होडी काही आठवडे सलग पाण्यात राहणार असेल, तर रंग हवाच. तांबेयुक्त कठीण रंग बहुधा फार काळ हवेत राहिले की निष्प्रभ होतात. म्हणून हळूहळू झिजणारा, वाळल्यावरही पुन्हा पाण्यात उतरवता येणारा कोपॉलिमर रंग तुम्हाला सोयीचा ठरेल. त्यातला अगदी मऊ प्रकार टाळा, कारण होडी ट्रेलरवर ओढताना तो गालिचा लावलेल्या आधारफळ्यांवर घासून निघतो आणि तळाऐवजी त्या फळ्याच रंगतात. होडी अ‍ॅल्युमिनियमची असल्यास क्युप्रस ऑक्साइडचा (तांब्याच्या संयुगाचा) रंग तिला गंजवतो. तिथे त्याच धातूसाठी बनवलेला, तांबेविरहित रंग घ्यावा.