खिळे उपटल्याचं लिहिलं नाहीस

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तू 'व्हेअर द रेड फर्न ग्रोज' या अमेरिकन कादंबरीवर लिहिलेली ती चार पानं माझ्या हातात दिलीस आणि मी वाचत होतो तोवर क्रिकेट बघत बसलास. खेळात तुझं लक्ष नव्हतं, ते मला दिसत होतं. वाचून झाल्यावर तू विचारलंस, "काका, शिकार करणाऱ्या पोराच्या कुत्र्यांसाठी मला इतकं रडू आलं, हे चूक आहे का? लोक हसतील का?" मग त्यातली कुत्री लिटल अ‍ॅन फरफटत दुसऱ्या कुत्र्याच्या, ओल्ड डॅनच्या थडग्यापर्यंत जाते, ते सांगायला लागलास. सांगताना तुझं नख त्या पानांच्या स्टेपलर पिनेवर सारखं घासत होतं. शेवटी पिन निघून हातात आली.

त्या चार पानांत हे कुठे आहे?

घरी येऊन मी ती पानं पुन्हा वाचली. शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि हे ३२ वर्षं प्रुफं तपासलेला माणूस सांगतोय. पण 'हिंसेचं उदात्तीकरण', 'मानवकेंद्री दृष्टिकोन' ही वाक्यं 'व्हेअर द रेड फर्न ग्रोज' न उघडताही लिहिता येतात. मला तुझं पान दाखव. ज्या पानावर तू पुस्तक मिटून बाजूला ठेवलंस, ते.

सापळ्याचंच घे. आजोबा त्या पोराला, बिलीला, शिकवतात: ओंडक्याला भोक पाडायचं, आत चकचकीत पत्र्याचा तुकडा टाकायचा, वरून तिरपे खिळे ठोकायचे. रकून, म्हणजे कातड्यासाठी ज्याची शिकार होते तो तिकडचा लहानसा प्राणी, आत पंजा घालतो, पत्रा मुठीत धरतो आणि मूठ सोडत नाही, म्हणून अडकतो. या क्रौर्यावर तू अर्धं पान लिहिलंस. बरोबर आहे, मलाही तिथे कसंतरी झालं. पण पुढे काय होतं? कुत्र्यांना वास शिकवण्यापुरतं एक कातडं मिळाल्यावर बिलीचा बापच त्याला बजावतो, की हातोडी घेऊन जा आणि सगळ्या सापळ्यांचे खिळे उपटून टाक, ही काही खरी शिकार नव्हे. सापळा लिहिलास, खिळे उपटल्याचं लिहिलं नाहीस. पैज लावून झाडावर, मग कुंपणाच्या पोकळ खांबात गाठलेला तो म्हातारा रकून समोर असताना बिली त्याला मारायला नकार देतो आणि त्यापायी मार खातो, तेही गाळलंस. वाचलं नव्हतंस असं मी म्हणणार नाही, वाचलं होतंस. तुझ्या मुद्द्याला ते अडचणीचं होतं, म्हणून सोडलंस. याचा मला राग आलाय, आणि तो मी लपवत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच पानांत आहे रे. कातड्यांचे पैसे होतात आणि ते गरीब घराला लागतात, हे खरं. तेच पोर त्याआधी दोन वर्षं मासेमारी करणाऱ्यांना गळाला लावायची आमिषं आणि रानची बोरंबेरं विकून बेकिंग पावडरच्या जुन्या डब्यात पन्नास डॉलर साठवतं, हेही खरं. डोंगर तुडवत अनवाणी तालेक्वा गावाला जातं, उरलेल्या दहा डॉलरांतून आईला कापड घेतं, बहिणींना गोळ्या घेतं, आणि दोन पिल्लं गोणपाटात घालून निघतं. गुदमरू नयेत म्हणून गोणपाटाला भोकं पाडून त्यांची डोकी बाहेर काढलेली. रस्त्यावरचे लोक हसतात त्याला. तू ज्यांच्या हसण्याला घाबरतोस, त्यांच्यासारखेच ते. दोन्ही गोष्टी एका पोरात आहेत. दोन्ही लिही.

आणि हसणार कोण? ही मुंबई आहे. १८३२ साली भटकी कुत्री मारायला लागले म्हणून इथले पारशी रस्त्यावर उतरले होते, दंगल झाली होती. कुत्र्यासाठी जीव तुटणं या शहराला नवं नाही.

आता माझं सांगतो. आमच्या लालबागच्या चाळीत खंड्या होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, बाबा घरी बसले, भाकऱ्या मोजून व्हायला लागल्या. तरी आई रात्री अर्धी भाकरी गॅलरीतून खाली टाकायचीच. त्यावर बाबा कधी एक अक्षर बोलले नाहीत. पावसाळ्यात एका सकाळी कुत्री पकडणारी गाडी आली. मी तेव्हा सतरा वर्षांचा, हातात दात घासायचा ब्रश. खाली धावत गेलो असतो तर सुटला असता कदाचित. चाळीतली पोरं काय म्हणतील म्हणून गेलो नाही.

पुढे सात-आठ वर्षांनी एका मासिकाने मला एका पुस्तकावर लिहायला सांगितलं. त्यातही कुत्रा होता. पहिल्या खर्ड्यात मी खंड्या लिहिला होता, भाकरीसकट. मग वाटलं, हे पोरकट दिसेल. तो मजकूर काढला आणि त्या जागी तुझ्यासारखीच मोठमोठी वाक्यं घातली. छापून आलं. चांगलं झालंय, म्हणाले लोक. त्यातलं एक वाक्य आज मला आठवत नाही.

त्यानंतर मी स्वतःचं काही लिहिलं नाही. घरचे म्हणतात, आळस. आळस नव्हता तो. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायला हात उठत नव्हता, मग दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ नीट केले. तेही काम आहे, आणि मी ते मान मोडून केलं. हे तुला का सांगतोय? कारण या पुस्तकाचा लेखक, विल्सन रॉल्स. सुतारकाम करून पोट भरणारा माणूस. शुद्धलेखन आणि व्याकरण कच्चं, त्याची इतकी लाज की १९५८ मध्ये लग्नाआधी त्याने आपली सगळी हस्तलिखितं जाळली. बायकोने, सोफीने, पुन्हा लिहायला लावलं, चुका तिने दुरुस्त केल्या, आणि १९६१ मध्ये पुस्तक आलं. व्याकरण सुधारायला घरात सोफी असते, प्रेसमध्ये माझ्यासारखा कुणी असतो. पान मात्र तुझं तुलाच आणावं लागेल. तुझ्याऐवजी ते मी शोधून देऊ शकत नाही, आणि देणारही नाही.

तेव्हा ती चार पानं बाजूला ठेव. फाडू नकोस, खिळ्यांचा मुद्दा घेऊन त्यातलं थोडंफार पुढे कामाला येईल. थडग्यापासून सुरुवात कर. लिटल अ‍ॅन तिथे पोचते, तेव्हा तू कुठे होतास, लोकलमध्ये की घरी, दिवा चालू होता का, कोण जवळ होतं, ते लिही. 'मला रडू आलं' हे लिहायला संकोच वाटत असेल तर त्याआधीचं वाक्य लिही, पुढचं आपोआप येईल.

रविवारी सहाला कट्ट्यावर ये. पुस्तकाची प्रतही आण, पेन्सिलच्या खुणा असतील त्या पुसू नकोस. मीही काही आणतोय. परवा रात्री बसून दीड पान झालंय. खंड्याचा उजवा कान फाटलेला होता, एवढ्यापर्यंत आलोय.

तुझा,
काका