वाचकांचे प्रश्न: शेजारी दारूचं दुकान, गावाशेजारी क्रशर, हरकत कुठे आणि कशी घ्यायची?

प्रश्न : आमच्या सोसायटीत २८ सदनिका आणि तळमजल्यावर ४ दुकानं आहेत. त्यातला एक गाळा मालकाने बिअर शॉपीसाठी दिल्याचं कळलं. आत फर्निचरचं काम चालू आहे. आम्ही सगळ्यांनी सह्या करून महापालिकेला निवेदन दिलं, पण तिथे ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून सांगितलं. मग विषय कोणाचा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : महापालिकेने अर्धं खरं सांगितलं. इथे दोन वेगळी दारं आहेत. दारूविक्रीचा परवाना जिल्हाधिकारी देतात आणि त्याची सगळी कागदपत्रं जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे असतात. गाळ्याचा वापर मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, हे मात्र महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागानेच पाहायचं असतं. तुमच्या निवेदनात ‘बिअर शॉपीला परवानगी देऊ नये’ एवढंच असणार, म्हणून ते परत आलं. दोन कार्यालयांना दोन वेगळे अर्ज करा आणि दोन्हींची आवक क्रमांक-तारखेसह पोच घ्या.

महापालिकेच्या अर्जात विरोधाचं नाव काढू नका. फक्त विचारा : मंजूर नकाशात आणि भोगवटा प्रमाणपत्रात हा गाळा ‘दुकान’ म्हणून दाखवला आहे का? जुन्या इमारतींत तळमजल्याचा ‘गाळा’ हा मुळात पार्किंगचा भाग किंवा राहती खोली निघतो, आणि मग तो विनापरवाना वापरबदल ठरतो. त्यावर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस काढता येते. गाळा रीतसर दुकानच असेल तर समोरच्या रस्त्याची रुंदी पाहा. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रहिवासी विभागात कोणते व्यवसाय चालतील ते बऱ्याच अंशी त्या रुंदीवर ठरतं. रुंदी मात्र विकास आराखड्यातली, तुम्ही टेपने मोजलेली नव्हे.

अधीक्षकांच्या कार्यालयात आधी एक गोष्ट विचारून घ्या : परवाना नवा आहे की दुसरीकडचा इथे आणला जातोय? देशी दारू (सीएल-३) आणि वाइन शॉप (एफएल-२) यांचे नवे परवाने सरकारने कित्येक दशकं रोखून धरले आहेत, त्यामुळे असं दुकान अचानक उगवलं तर ते बहुधा स्थलांतर असतं. तुमची बिअर शॉपी (एफएलबीआर-२) नवी असू शकते. नव्या बिअर शॉपीसाठी आणि वाइन शॉपसाठी सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल, असं सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केलं आहे. ते पत्र फाइलमध्ये आहे का आणि असल्यास त्यावर कोणाची सही आहे, हे पाहा. अध्यक्ष-सचिवांनी परस्पर लेटरहेडवर सही करून दिलेलं पत्र आणि सर्वसाधारण सभेचा ठराव यात फार फरक आहे. पत्र परस्पर दिलेलं असेल तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवा (आदर्श उपविधींप्रमाणे त्यासाठी पूर्ण ५ दिवसांची नोटीस लागते), ते पत्र मागे घेण्याचा ठराव करा आणि इतिवृत्ताची साक्षांकित प्रत अधीक्षकांना द्या. परवाना निघाल्यावर हेच काम दसपट अवघड होतं.

आता अंतर. शाळा, धार्मिक स्थळ यांच्यापासून ठरावीक मीटरच्या आत परवाना देता येत नाही. मीटरचा आकडा परवान्याच्या प्रकारावर अवलंबून असतो, म्हणून अर्जात अंदाजाने आकडा टाकू नका, ‘लागू नियमानुसार केलेल्या मोजणीचा नकाशा’ मागा. बहुतेक हरकती मोजण्याच्या पद्धतीपाशी अडतात. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, माणूस एरवी ज्या वाटेने पायी जातो त्या सर्वांत जवळच्या वाटेने, शाळेच्या सर्वांत जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजायचं. आवाराला भिंत नसेल तर इमारतीच्या जवळच्या प्रवेशदारापर्यंत. त्यामुळे हवाई अंतर ६० मीटर असलं तरी मध्ये दुभाजक असेल आणि वळसा घालून जावं लागत असेल, तर तेच १३० मीटर भरू शकतं. काही जण दुकानाचं दारच बाजूच्या बोळात काढतात. वीस-पंचवीस मीटर तिथेच वाढतात. तुम्ही उलट बाजूने बघा : शाळेला मागचं फाटक आहे का, ते रोज वापरात आहे का, आणि मोजणी मुख्य फाटकापर्यंत तर केली नाही ना? फोटो काढा, मुख्याध्यापकांचं पत्र घ्या.

आणखी दोन ठिकाणी लोक फसतात. खासगी क्लासला ‘शैक्षणिक संस्था’ म्हणत नाहीत; शाळा मान्यताप्राप्त हवी, महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न हवं. कोपऱ्यावरचं छोटं मंदिरही सहसा चालत नाही, कारण त्याचा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास लागतो. हरकतीला मंदिराचा आधार घेणार असाल तर धर्मादाय कार्यालयातला नोंदणी क्रमांक आधी मिळवा. अंतराची अट परवाना देताना किंवा जागा बदलताना तपासतात. शाळा नंतर आली म्हणून चालू दुकान आपोआप हटत नाही.

फाइल पाहायची कशी? महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात; २०१८ च्या शासन निर्णयाने तशी सोय केली आहे. ते जमलं नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज. त्यात ३० दिवस जातात, म्हणून सोमवार आधी.

प्रश्न : गावात एक देशी दारूचं दुकान आणि एक बिअर बार आहे. शेजारच्या गावात मतदान घेतलं, बहुसंख्य बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान बंद झालं नाही. हे कसं?
– महिला बचत गट, बीड जिल्हा

उत्तर : निकाल पडलेल्या मतांवर ठरत नाही, यादीतल्या नावांवर ठरतो, म्हणून. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांनी) लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. दुकान बंद व्हायला मात्र यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं.

हिशेब मांडून बघा. समजा यादीत १,२४० महिला आहेत. मागणीसाठी ३१० सह्या लागतील आणि दुकान बंद व्हायला ६२१ मतं. मतदान ६२ टक्के झालं म्हणजे सुमारे ७६९ जणी आल्या. त्यातल्या ६१० जणींनी आडवी बाटली निवडली, म्हणजे आलेल्या पाचांतल्या जवळजवळ चौघींनी, तरी ११ मतांनी दुकान चालू राहतं. जी आली नाही, तिचं मत दुकानदाराच्या पदरात पडतं. शेजारच्या गावात हेच झालं असणार.

म्हणून काम यादीपासून सुरू करा. लग्न होऊन गेलेल्या मुली, वारलेल्या आजी, शहरात कायमच्या गेलेल्या सुना : यांचं प्रत्येक नाव तुमचा निम्म्याचा आकडा वर ढकलतं. नमुना क्रमांक ७ भरून ही नावं वगळायला मागा, आणि ते निवेदन देण्याच्या आधी. यादी साफ होऊन ९० नावं गेली, तर लागणारी मतं ६२१ वरून ५७६ वर येतात.

सह्या ३१० वर थांबवू नका, ४०० च्या पुढे घ्या. पडताळणीत सह्या गळतात : अंगठ्याखाली नाव नाही, यादीतलं नाव माहेरचं आणि सही सासरच्या नावाची, एकीनेच घरातल्या तिघींच्या सह्या केलेल्या. प्रत्येक सहीसमोर यादीतला अनुक्रमांक लिहा. बंद हवेत ते परवाने नाव, प्रकार आणि क्रमांकासह नमूद करा. नुसतं ‘गावातली दारू बंद करा’ लिहिलं की कागद फिरत राहतो.

तारखेकडे लक्ष ठेवा. तुमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. त्या महिन्यांत मतदान लागलं तर हरलात म्हणून समजा. निवेदनातच लिहा की कोयत्यावर गेलेल्या महिला परतल्यावर तारीख ठरवावी. अधिकारी ते ऐकायला बांधील नाही, पण कागदावर कारण असलं की बहुधा विचार होतो. मतदानाच्या दिवशी मजुरी बुडते म्हणून न येणाऱ्या बायका हा मोठा आकडा असतो. गावातल्या बागायतदारांशी त्या दिवसाच्या सुट्टीचं आधीच बोलून ठेवा.

प्रश्न : गावाजवळ खडी क्रशर उभा राहतोय. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला, तरी काम चालू आहे. जनसुनावणी कधी होईल?
– सरपंच, सातारा जिल्हा

उत्तर : नुसत्या क्रशरसाठी होणार नाही. तिची वाट बघण्यात गावांचे महिने जातात, म्हणून इतकं स्पष्ट सांगतो. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतली जनसुनावणी पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या ठरावीक प्रकल्पांना असते. दगडाची खाण त्यात येऊ शकते, खडी फोडणारं यंत्र येत नाही. आधी विचारा की दगड कुठून येणार. त्याच गटात किंवा लगत खाण असेल तर तिच्या मंजुरीची फाइल वेगळी असते, आणि तिथे तुम्हाला बोलायला जागा असू शकते.

क्रशरला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची दोन संमतीपत्रं लागतात, एक उभारणीआधी आणि एक चालू करण्याआधी. उभारणीचं संमतीपत्र न घेता पाया खोदला असेल, तर तो तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा. तारखेसह फोटो काढून मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना द्या. शेतजमीन असेल तर अकृषिक वापराचं काय झालं, हे तहसीलदारांना विचारा. प्रादेशिक योजनेत तो गट कोणत्या विभागात आहे, यासाठी नगररचनेच्या कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या.

ठरावाचं म्हणाल, तर तो वाया जात नाही, पण कसा लिहिलाय यावर सगळं आहे. ‘गावाचा तीव्र विरोध आहे’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. ‘गट क्रमांक अमुकच्या पूर्वेला इतक्या मीटरवर अंगणवाडी, उतारावर गावची पिण्याची विहीर, गाड्यांचा रस्ता साडेतीन मीटर रुंदीचा आणि शाळेवरून जाणारा’ असं लिहिलं की ते तपासावं लागतं. गणसंख्या नोंदवा : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. गणसंख्येअभावी रद्द ठरलेला ठराव समोरचा वकील सर्वांत आधी बाहेर काढतो.

क्रशर रीतसर परवानगीने सुरू झालाच, तर नियमांचं पालन मोजायला लागा. धूळ अडवणारी आणि दाबणारी यंत्रणा, वारा अडवणाऱ्या भिंती, आवारात पक्का रस्ता, जमिनीवर नियमित पाणी, कडेने झाडं, एवढं लागतंच. यंत्रापासून ३ ते १० मीटरच्या आत मोजलेले हवेतले धूलिकण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. पाणी मारणं बहुधा तपासणीच्या दिवशीच होतं. म्हणून तक्रारीत दुपारची वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा आणि पूर्वसूचना न देता तपासणी मागा.

प्रश्न : नव्या प्रारूप विकास आराखड्यात आमच्या घरांलगतची जागा रहिवासी विभागातून औद्योगिकमध्ये टाकली आहे. हजार लोकांच्या एकाच मजकुराच्या हरकती देण्याचं ठरलं आहे. योग्य आहे का?
– नागरिक मंच, पिंपरी-चिंचवड

उत्तर : द्या, पण त्यावर विसंबू नका. एकसारख्या हजार हरकतींची सुनावणी एकगठ्ठा होते आणि काही मिनिटांत संपते. त्यांच्यासोबत एक सविस्तर हरकत हवी : सर्व्हे क्रमांक, आराखड्याच्या कोणत्या पानावर, आज जागेवर काय आहे, जुन्या आराखड्यात काय होतं, आणि नेमका कोणता बदल हवा. आराखड्यातली वस्तुस्थितीची चूक हा सर्वांत बळकट मुद्दा असतो. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा अशा ढोबळ चुकांमुळेच सरकारने नव्याने करायला लावला होता. ‘आम्हाला त्रास होईल’ यापेक्षा ‘जिथे उद्योग दाखवलाय तिथे ४२ घरं भोगवटा प्रमाणपत्रासह उभी आहेत’ हे समितीला नाकारता येत नाही.

मुदत नोटिशीत छापलेलीच धरा. पुणे महानगर प्रदेशाला २०२१ मध्ये आधी ३० दिवस होते, तुमच्याकडे २०२५ मध्ये ६०. सुनावणी नियोजन समिती घेते; तिथे बोललेलं नोंदलं जाईलच याची खात्री नसते, म्हणून दोन पानांचं लेखी म्हणणं सोबत देऊन पोच घ्या.

खरी चूक यानंतर होते. आराखडा मंजुरीला सरकारकडे गेल्यावर सारभूत (म्हणजे मोठ्या) बदलांची वेगळी अधिसूचना निघते आणि मंजुरीतून तूर्त बाजूला ठेवलेल्या त्या ‘वगळलेल्या भागा’वर नव्याने हरकती मागवतात. पहिली हरकत तिथे आपोआप लागू होत नाही. मंजूर आराखड्यातही कलम ३७ खाली किरकोळ फेरबदलाच्या नावाने एखाद्या गटाचा वापर बदलता येतो. त्याची जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तळाशी असते आणि हरकतीला महिनाच मिळतो. मंचातल्या एकाला दर आठवड्याला जाहीर नोटिसा वाचायचं काम लावून द्या. कंटाळवाणं आहे खरं.

प्रश्न : शाळेपासून १ किलोमीटरच्या आत डान्स बार नको, असा नियम आहे ना?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : होता. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ च्या निकालात ती अट रद्द केली. त्या अटीवर आधारलेली हरकत टिकणार नाही. मद्याचा परवाना, जागेचा मंजूर वापर आणि अग्निशमनाचा दाखला तपासा.

प्रश्न : शेजारचा बंगला लग्नांसाठी भाड्याने दिला जातो. रात्री बारापर्यंत डीजे असतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन तक्रारी करा. आवाजाची पोलिसांकडे, त्याच वेळी : रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल, आणि १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायलाच मनाई. वापरबदलाची महापालिकेकडे, लग्नपत्रिकेच्या प्रतींसह. पत्रिकेवर छापलेला ‘लॉन्स’चा पत्ता हा निवासी बंगल्याच्या व्यावसायिक वापराचा चांगला पुरावा असतो. तीन-चार जमवा.