शॅडोभोवती पांढरट चौकोन छापून येतो, स्क्रीनवर मात्र दिसत नाही. काय करावं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचं कव्हर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, मागे पॅन्टोनचा (ठरलेल्या नंबराच्या तयार शायांतला) सोनेरी, वर इमारतीचा फोटो आणि त्याला ड्रॉप शॅडो, म्हणजे मागे पडलेली सावली. स्क्रीनवर झकास. ऐरोलीतल्या दुकानातून रंगीत प्रिंट काढली, तर शॅडोभोवती पांढरट चौकोन. आता शॅडो काढूनच टाकू का, असं तुम्ही विचारताय.

काढू नका, तिचा बिचारीचा यात काही दोष नाही. मी ठाण्यात नौपाड्याला गेली वीसेक वर्षं डीटीपी करतोय आणि हा चौकोन मी स्वतःच्या खिशातून पैसे भरून शिकलोय.

एका मंडळाच्या अहवालाचं कव्हर होतं, छापखाना वागळे इस्टेटमधला. काम साधं फोर कलरचं, म्हणजे निळा, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शायांचं. मी मागचा शेंदरी पॅन्टोनच्या स्वॅचमधून उचलला आणि तो स्पॉट, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या प्लेटनं आणि शाईनं छापायचा रंग, तसाच राहून गेला. पीडीएफ जुन्या सवयीनं एक्स-१ए या छपाईसाठीच्या जुन्या प्रकारात काढली. प्लेटा लागल्या, मशीन सुरू झालं, पहिल्या पाच-पन्नास शीटा बाहेर पडल्या. मशीनमननं त्यातली एक उचलून माझ्यापुढे धरली, "साहेब, फोटोला हा डबा मुद्दाम दिलाय का?" भिंग लावून पाहिलं. चौकोनाबाहेर पिवळ्या आणि मॅजेंटा ठिपक्यांची दाट जाळी. आत शॅडोचे विरळ होत गेलेले काळे ठिपके, आणि त्यांच्यामध्ये चक्क कोरा कागद. शॅडो व्यवस्थित छापली होती, तिच्याखालचा शेंदरी तेवढा कापला गेला होता.

असं का होतं? पोस्टस्क्रिप्टला, म्हणजे छपाई यंत्रांच्या जुन्या भाषेला, पारदर्शकता (ट्रान्सपरन्सी) हा प्रकारच ठाऊक नाही. पीडीएफमध्ये ती १.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००१ साली आली. एक्स-१ए हे त्याआधीच्या १.३ वर बेतलेलं. त्यामुळे एक्स-१ए काढताना इनडिझाइनला सगळी ट्रान्सपरन्सी फ्लॅटन करावी, म्हणजे सपाट करून अपारदर्शक तुकड्यांत मोडावी लागते. शॅडोखाली साधा सीएमवायके, म्हणजे त्याच चार शायांचा रंग असेल, तर दोन्ही एकमेकांत मिसळून एकच चित्र होतं आणि विषय संपतो. खाली स्पॉट असला की पंचाईत, कारण त्याची प्लेट वेगळी, तो मिसळायचा कसा? मग शॅडोचं चौकोनी चित्र स्पॉटच्या वर ठेवून त्याला ओव्हरप्रिंटची खूण लावली जाते. मी वर छापतोय, खालच्या रंगाला हात लावू नका, एवढाच त्या खुणेचा अर्थ. ही खूण जो पाळत नाही, तो चौकोनाखालचा रंग पुसून टाकतो. दुकानातला प्रिंटर पाळत नाही, मोबाइलवरचे बरेच व्ह्यूअर पाळत नाहीत, आणि माझ्या वेळेला स्पॉटचं फोर कलर करताना छापखान्याच्या रिपनंही (फाइलचे छपाईचे ठिपके करणाऱ्या यंत्रणेनंही) पाळली नव्हती.

तेव्हा आधी चौकोन नक्की कुठे जन्मतोय ते बघा. अ‍ॅक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्लेखाली 'यूज ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू' आहे, ते 'ऑलवेज' करा. चौकोन गायब झाला, तर फाइलमध्ये खूण शाबूत आहे, छापणारा ती वाचत नाहीये. दुकानदाराकडे अ‍ॅक्रोबॅट प्रो असेल, तर प्रिंटच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'सिम्युलेट ओव्हरप्रिंटिंग' टिक करून पुन्हा काढायला सांगा.

पण तुमचा खरा निर्णय सोनेरीचा आहे. तो पाचवा रंग म्हणून खऱ्या चमकत्या शाईत छापणार आहात का? पॅन्टोन ८७१ वगैरे धातूच्या शाया आहेत, दुकानातल्या डिजिटल प्रिंटवर त्या दिसणारच नाहीत, त्यामुळे त्या प्रिंटवरून काही ठरवू नका. स्पॉट तसाच ठेवा, छापखान्याला पाचवा रंग आहे असं स्पष्ट सांगा आणि सेपरेशन्स प्रिव्ह्यूमध्ये (तिथे प्रत्येक शाईची प्लेट वेगळी दिसते) काळी प्लेट बंद करून बघा. शॅडोखाली सोनेरी सलग दिसला पाहिजे. बजेट चारच रंगांचं असेल, तर इनडिझाइनमधला इंक मॅनेजर उघडून 'ऑल स्पॉट्स टू प्रोसेस' टिक करा आणि मगच पीडीएफ काढा. चौकोनाचं मूळच जाईल. फक्त सोनेरीचा मग मळकट पिवळा होतो, ते समितीतल्या काकांना आधीच दाखवून ठेवा.

पीडीएफबद्दल माझं मत स्पष्ट आहे: छापखाना एक्स-४ (एक्स-१एचा नवा भाऊ) घेत असेल, तर तेच द्या. त्यात ट्रान्सपरन्सी जिवंत राहते आणि फ्लॅटन करायचं काम रिप शेवटी करते. हल्ली बहुतेक जण घेतात, फोन करून विचारायला दोन मिनिटं लागतात. एक्स-१एच हवं म्हणाले, तर फ्लॅटनर प्रीसेट 'हाय रिझोल्यूशन' ठेवा.

आणखी एक गोष्ट आत्ताच तपासा. शॅडोच्या खाली किंवा तिला चिकटून अक्षरं आहेत का? फ्लॅटन करताना अशा अक्षरांची आउटलाइन होते किंवा सरळ चित्र होतं, आणि ती बाजूच्या ओळीपेक्षा जाड छापतात. मराठीत हे फार डोळ्यांत भरतं: 'वर्ष'मधला रफार डागासारखा दिसतो, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. सगळा मजकूर वेगळ्या लेयरवर घेऊन तो लेयर सर्वांत वर ठेवा.

स्क्रीनवर केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या, तर झूम करा. झूमबरोबर जाडी बदलत नसेल, तर त्या स्क्रीनच्याच आहेत, छापून येत नाहीत. आणि शॅडो असलेल्या पानांचेच रंग वेगळे वाटले, तर इनडिझाइनच्या एडिट मेनूत ट्रान्सपरन्सी ब्लेंड स्पेस आरजीबीवर आहे का बघा, ते सीएमवायके करा.

कोरलड्रॉमध्ये काम करणाऱ्या कुणाला हाच त्रास असेल, तर शॅडो आणि तिच्यामागची पूर्ण पार्श्वभूमी एकत्र निवडून ३०० डीपीआय, सीएमवायके बिटमॅप करायची. अक्षरं त्यात घ्यायची नाहीत, आणि मूळ फाइलची कॉपी आधी वेगळी ठेवायची.

मंजुरीसाठी समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही पीडीएफ मात्र टाकू नका. निम्म्यांना मोबाइलवर तो चौकोन दिसेल आणि रात्री अकरापर्यंत तुमचा फोन वाजत राहील. इनडिझाइनमधून जेपीजी काढा, एक्सपोर्ट करताना 'सिम्युलेट ओव्हरप्रिंट' टिक करा आणि ती टाका.