जेलाटोचा कप आणि हवेचा हिशोब

इटालियन जेलाटो (म्हणजे तिकडचं कमी हवेचं, घट्ट आइस्क्रीम) आणि पेस्ट्रीच्या दुकानांबद्दल कोल्हापूर परिसरातून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : जेलाटोचा छोटा कप घेतला. तेवढ्या पैशांत आपल्याकडचं फळं घातलेलं कॉकटेल आइस्क्रीम दोघांनी पोटभर खाल्लं असतं. शिवाय चार चमचे होईपर्यंत निम्मं वितळलं. हे नुसते नावाचे पैसे का?
– वाचक, शिवाजी पेठ

नावाचे थोडे असतीलच. पण कप नुसता डोळ्यांनी मोजू नका, हातात घेऊन वजन बघा. गोठवताना मिश्रण घुसळलं जातं आणि त्यात हवा शिरते. जेलाटोचं यंत्र सावकाश फिरतं, त्यामुळे 1 लिटर मिश्रणाचं साधारण 1.3 लिटर होतं. कारखान्यातल्या स्वस्त आइस्क्रीममध्ये तेच 2 लिटरपर्यंत फुगवतात. मिश्रणाचं वजन लिटरला सुमारे 1.1 किलो धरलं, तर 100 मिलीच्या कपात जेलाटो 85 ग्रॅमच्या आसपास भरतो आणि फुगवलेलं आइस्क्रीम 55. तेव्हा भावाची तुलना करायची तर ग्रॅमवर करा.

वितळण्याचं कारण वेगळं. आइस्क्रीम उणे 18 अंशांच्या आसपास ठेवतात, जेलाटो उणे 12 ते 14 वर वाढतात. जीभ कमी बधिर होते, म्हणून स्निग्धांश कमी (साधारण 4 ते 8 टक्के) असूनही चव ठसठशीत लागते. एप्रिलमधल्या दुपारी कप घेऊन रंकाळ्यापर्यंत चालत गेलात तर त्याचं सरबत होणारच. तो दुकानातच बसून खायचा पदार्थ आहे.

प्रश्न : काचेआड पंधरा-वीस रंग मांडलेले असतात. त्यातलं चांगलं कुठलं, हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं?
– वाचक, राजारामपुरी

आधी पिस्ता बघा. खरा पिस्ता भाजून वाटला की मातकट, तपकिरीकडे झुकणारा हिरवा दिसतो. पोपटी दिसला तर रंग घातला आहे, आणि वास गोड बदामासारखा आला तर इसेन्सही आहे. केळं पिवळंधमक असेल तर तेही तसंच. केळं वाटल्यावर काळवंडतं, त्यामुळे खऱ्या केळ्याचा जेलाटो करडट पांढरा असतो. पुदिन्याचा जवळजवळ पांढराच.

मग ढीग बघा. ट्रेच्या काठावर वीतभर उंच डोंगर रचलेला असेल, तर तो उभा राहावा म्हणून हवा किंवा घट्ट करणारे पदार्थ जास्त घातलेले असण्याची शक्यता मोठी. वरचा भाग गार हवेच्या बाहेर राहतो, ही आणखी एक गोम. इटलीतली जुन्या वळणाची दुकानं माल स्टीलच्या खोल, झाकणाच्या डब्यांत ठेवतात. या डब्यांना ‘पोझेत्ती’ म्हणतात. तिथे दिसत काहीच नाही, पाटी वाचून मागायचं. काउंटरवर झाकणं दिसली म्हणून नाक मुरडू नका.

चव मागायला लाजू नका, पण सुरुवात चॉकलेटपासून नको. ‘फिओर दी लात्ते’ मागा. दूध, साय आणि साखर एवढंच त्यात असतं, मागे लपायला दुसरा स्वाद नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलेल्या माणसाला दुधाची चव शिकवावी लागत नाही. पावडरीचा शिजकट वास आला की लगेच कळेल. जिभेवर बर्फ करकरला तर माल एकदा वितळून पुन्हा गोठला आहे. वाळूसारखं बारीक, न विरघळणारं काही लागलं तर तो बर्फ नव्हे. दूध पावडर जास्त पडली की दुधातल्या साखरेचे कण होतात, ते हे. दोन्ही दोष दुकानाचे. ते सांगून दुसरा स्वाद मागणं यात गैर काही नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. या दुकानात काय चालेल? आणि एकादशीला सॉर्बे?
– वाचक, गडहिंग्लज

जेलाटोपेक्षा पेस्ट्रीकडे जास्त लक्ष द्या. ‘पन्ना कोत्ता’ हा साय-दुधाचा थलथलीत गोड पदार्थ पारंपरिक पद्धतीत जिलेटिनवर जमवतात आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. अगर-अगर घातलेलाही मिळतो, पण त्याचा पोत वेगळा. जिलेटिन तोंडातल्या उबेने विरघळतं, अगर विरघळायला 85 अंश लागतात, म्हणून तो चावावा लागतो. तिरामिसू म्हणजे कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि क्रीम यांचे थर; मूळ पद्धतीत त्या क्रीममध्ये कच्चं अंडं असतं, त्यातल्या बिस्किटांतही अंडं. ‘कन्नोली’ (सारण भरलेली तळलेली नळी) आणि ‘स्फोल्यातेल्ला’ (पापुद्र्यांची भरलेली पेस्ट्री) यांच्या पिठात मूळ पद्धतीने डुकराची चरबी पडते. आपल्याकडे बहुतेक लोणी किंवा वनस्पती तूप वापरतात, पण ‘यात फॅट कुठलं?’ असं थेट विचारा. ‘व्हेज आहे का?’ एवढंच विचारलंत तर काउंटरवरचा मुलगा ‘हो’ म्हणून मोकळा होईल. जेलाटोत ‘क्रेमा’ या नावाच्या स्वादात अंड्याचा बलक असतो.

सॉर्बे म्हणजे फळ, पाणी, साखर. मात्र तो घट्ट राहावा म्हणून चिमूटभर ग्वार गम घालतात, आणि ग्वार म्हणजे आपली गवारच! ती उपासाला चालते का, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवावं.

प्रश्न : कन्नोली संध्याकाळी आणल्या, रात्री जेवणानंतर खाल्ल्या तर मऊ, चिवट. शिळ्या दिल्या का?
– वाचक, इचलकरंजी

बहुधा नाही. आत ओलं रिकोटा (पनीरसारखं मऊ चीज), बाहेर तळलेली कुरकुरीत नळी. भरली की तासाभरात ओल शिरते. पावसाळ्यात तर रिकामी नळीही उघड्या पापडासारखी सादळते. नळ्या आणि सारण वेगळं बांधून मागा, घरी खायच्या वेळी भरा. सादळलेली रिकामी नळी 160 अंशांच्या ओव्हनमध्ये 4-5 मिनिटं ठेवून पूर्ण गार केली की पुन्हा कुरकुरीत होते. भरलेलीला इलाज नाही.

प्रश्न : कोल्हापुरी गुळाचा जेलाटो घरी केला. दूध फाटलं. पुन्हा केला तर दगड झाला.
– वाचक, कागल

फाटण्याचं कारण गुळातलं आम्ल आणि क्षार. उकळत्या दुधात गूळ टाकला की ते हमखास होतं. म्हशीचं दूध 700 ग्रॅम घ्या. त्यात 6-7 टक्के स्निग्धांश असतो, वेगळं क्रीम लागत नाही. साखर 90 ग्रॅम, बिनसायीची दूध पावडर 35 ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर 10 ग्रॅम कोरडंच एकत्र करा, गार दुधात कालवा, ढवळत उकळी आणून मंद आचेवर 3-4 मिनिटं शिजवा. कॉर्नफ्लोअर हा सिसिलीकडचा रिवाज, अंड्याऐवजी. भांडं गार पाण्यात ठेवून निववा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. 80 ग्रॅम गूळ 3-4 चमचे पाण्यात वितळवून गाळा, पूर्ण गार करा आणि सकाळी गार दुधात मिसळा. गार असताना दूध सहसा फाटत नाही.

दगड होतो तो न घुसळता डब्यात गोठवल्यामुळे. माळ्यावर जुना हाताने फिरवायचा आइस्क्रीम पॉट असेल तर काढा. चार भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ, आणि हात सावकाश पण न थांबता. दांडा जड फिरायला लागला की थांबा. पॉट नसेल तर पसरट डब्यात गोठवा आणि पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने काट्याने मोडून फेटा. पोत पॉटसारखा येणार नाही, पण सुरी लागणार नाही. साखर कमी करू नका. ती गोडीसाठी असते तशीच मऊपणासाठीही. गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज असल्याने तो साखरेपेक्षाही मऊ ठेवतो. घरचा फ्रीझर उणे 18 वर असतो, म्हणून वाढण्याआधी डबा 10-15 मिनिटं खालच्या कप्प्यात ठेवा. बाहेर ओट्यावर नको, कडेने पाणी होतं आणि मधे दगडच राहतो.