वाचकांचे प्रश्न : सोबत शिकारी असला म्हणजे धोका टळतो का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त टांझानियात दार-ए-सलाम येथे राहतो. तेथील एका परिचिताने त्याला आफ्रिकी रानरेड्याच्या शिकारीचे निमंत्रण दिले आहे. सोबत परवानाधारक व्यावसायिक शिकारी असल्यामुळे जिवाला धोका नाही, असे भाऊ म्हणतो. आईचा जीव मात्र टांगणीला लागला आहे. भावाचे म्हणणे कितपत खरे मानावे?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : टांझानियात परवाना घेऊन अशी शिकार करणे कायदेशीर आहे, म्हणून तो प्रश्न बाजूला ठेवून केवळ धोक्याविषयी लिहीत आहे. आपल्या बंधूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. जाणता शिकारी सोबत असला की पाहुण्याचा धोका पुष्कळ कमी होतो; परंतु तो नाहीसा होत नाही, आणि जो कमी होतो त्यातला मोठा वाटा त्या शिकाऱ्याच्या व माग काढणाऱ्या स्थानिक माणसांच्या अंगावर जातो. आईंची काळजी रास्त आहे, मात्र त्या काळजीत ही माणसेही धरायला हवीत.

या व्यवसायात हौशी माणसाचे काम नाही. झिम्बाब्वेत तर लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी आणि अनुभवी शिकाऱ्याच्या हाताखालची उमेदवारी एवढे झाल्यावर परीक्षकांसमोर प्रत्यक्ष रानात राहून आपले काम दाखवावे लागते, तेव्हा कुठे पूर्ण परवाना हाती पडतो. वारा कोणत्या अंगाने वाहतो, कळपातला कोणता नर उतारवयाचा आहे, त्याच्या मागे दुसरे जनावर उभे नाही ना, हे सारे पाहून बार कधी टाकायचा हे तोच सांगतो. पाहुणा चाप ओढेपर्यंत बऱ्याच गोष्टी त्या शिकाऱ्याच्या हाती असतात. पुढे काय घडणार हे मात्र पाहुण्याच्या पहिल्या गोळीवर ठरते.

रानरेड्याचे हृदय व फुप्फुसे छातीत बरीच खाली आणि पुढे, खांद्याच्या आड असतात. दम लागलेला असताना किंवा घाईत झाडलेली गोळी वीतभर मागे गेली की पोटात बसते. असे जनावर जागेवर पडत नाही. ते दाट झुडपात शिरते आणि कधीकधी वळून आपल्याच मागाच्या कडेला दबा धरून उभे राहते. जखमी जनावर तसेच सोडून परतणे व्यावसायिक शिकाऱ्याच्या धर्मात बसत नाही, कारण एक तर ते तडफडत राहते, आणि दुसरे म्हणजे लाकूडफाट्याला किंवा पाण्याला आलेले गावकरी अजाणता त्याच्या समोर जाऊ शकतात. म्हणून थोडा वेळ थांबून तो मागावर निघतोच. सर्वांत पुढे माग काढणारा असतो. रक्त फिके आणि फेसाळ दिसले तर गोळी फुप्फुसाला लागलेली असते. ते गर्द असेल, किंवा त्यात पोटातला हिरवा चारा मिसळलेला असेल, तर काम लांबणार हे त्याला कळते. हे सारे तो खाली वाकून पाहत असतो, बहुधा त्याच्या हाती बंदूक नसते, आणि त्याच्या जिवाची राखण मागून येणाऱ्या शिकाऱ्याने करायची असते. नेम चुकलेल्या पाहुण्याला अशा वेळी पुष्कळदा मागे थांबवले जाते.

रानरेडा ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकतो. तीस मीटरवरच्या झुडपातून तो निघाला, तर अंगावर येईपर्यंत सुमारे दोन सेकंद मिळतात. नराच्या कपाळावर शिंगांची बुडे जुळून जाड ढाल झालेली असते आणि चालून येताना तो बहुधा नाक पुढे काढून येतो, त्यामुळे मेंदूचा नेम फार अरुंद राहतो. अशा शिकारीसाठी अनेक देशांत .३७५ इंचापेक्षा लहान व्यासाच्या नळीच्या रायफलीला परवानगी नाही. कित्येक मार्गदर्शक शिकारी जुन्या पद्धतीची दुनळी रायफल वापरतात, ती याचसाठी की दुसरे काडतूस चढवण्यात वेळ न जाता लगेच दुसरा बार काढता यावा.

इतके असूनही अनुभवी माणसे दगावतात. एप्रिल २०१५ मध्ये झिम्बाब्वेच्या झांबेझी खोऱ्यात माजावर आलेल्या तरुण हत्तीने एका नावाजलेल्या मार्गदर्शकाचा बळी घेतला. त्याने अगदी जवळून गोळी झाडली होती, तरीही. मे २०१७ मध्ये त्याच देशात एका दक्षिण आफ्रिकी मार्गदर्शकाला हत्तिणीने सोंडेने उचलले, सोबत्याने तिला गोळी घातली, आणि ती कोसळली ती त्या मार्गदर्शकाच्याच अंगावर. दुसरी बंदूक होती, ती चाललीही. जीव मात्र वाचला नाही.

आपल्या बंधूंचा बेत पक्काच असेल, तर त्यांनी आधी लाकडी तिपाईच्या आधाराने भारी रायफल चालवण्याचा भरपूर सराव करावा. जखमी झालेल्या माणसाला तेथून रुग्णालयात कसे आणि किती वेळात नेतात, तसेच माग काढणाऱ्यांचा विमा उतरवला आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. आणि खात्री नसेल तर समोर उभे असलेले जनावरही सोडून देण्याची तयारी ठेवावी. माझ्या मते ही तयारी सरावापेक्षाही मोलाची आहे, कारण मागावर जाणाऱ्यांचा सर्वांत मोठा धोका त्यानेच टळतो.

प्रश्न : कोल्हापूर संस्थानात असे मार्गदर्शक होते का?
– एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : आजच्या अर्थाने परवाना घेऊन व्यवसाय करणारे नव्हते, पण कसबी माणसे पुष्कळ होती. संस्थानचा शिकारखाना प्रसिद्ध होता. काळविटावर सोडायचे चित्ते शिकवणारे चित्तेवान त्यात होते. काळविटाची ती शिकार माणसाच्या जिवावर बेतणारी नव्हती; वाघ-बिबट्याची शिकार मात्र तशी होती. तिथे मचाणावरच्या पाहुण्यापेक्षा रान उठवत पायी चालणाऱ्या हाकाऱ्यांना धोका अधिक असे. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आपण पाहिली असतील. ती पाहताना हाक्यातल्या माणसांचीही आठवण ठेवावी.

प्रश्न : आमच्या शिवारात गवे उतरतात. जाणत्या शिकाऱ्याला बोलावून त्यांचा बंदोबस्त करता येईल का?
– एक शेतकरी, राधानगरी तालुका

उत्तर : नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्याला पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, आणि त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. दाजीपूरचे रान १९५८ साली अभयारण्य झाले तेच मुळात गव्यांसाठी. पिकाचे नुकसान सोसणे कठीण आहे हे मान्य, परंतु वर जखमी रानरेड्याविषयी लिहिले ते हजार किलोपर्यंत वजन भरणाऱ्या गव्यालाही तितकेच लागू आहे: ठासणीच्या बंदुकीने दुखावलेला गवा उसात शिरला, तर सकाळी पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाचे काय होईल, याचा विचार करावा. जमाव करून मागे लागणेही तितकेच वाईट. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला भरकटलेला गवा गर्दीच्या पाठलागाने थकून अखेर मेला. गवा दिसल्यास कुत्री बांधावीत, त्याची परतीची वाट मोकळी ठेवावी आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिकाच्या भरपाईसाठी पंचनामा होईपर्यंत तुडवलेले पीक काढून टाकू नये.